सुंदरेला चढलेले साज

‘सुंदरा मनामधें भरली’ म्हटलं की जुन्या जाणत्यांच्या कानात जयराम शिलेदारांचा खडा आवाज घुमतो. तीच मूळ लावणी, अशी अनेकांची समजूत. प्रत्यक्षात १९४७ साली ती चित्रपटात गायली गेली, तेव्हा ती रचणाऱ्याला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती.

ती रचणारे राम जोशी सोलापूरचे. जन्म १७६२च्या सुमाराचा. घर वेदशास्त्र जपणारं, थोरले बंधू मुद्गल जोशी नामांकित पुराणिक. धाकट्याची पावलं मात्र धोंडी शाहिराच्या फडाकडे वळायची. त्यापायी भावानं घराबाहेर काढलं, मग पंढरपुरात बाबा पाध्यांकडे संस्कृताचं अध्ययन झालं, असं परंपरा सांगते. पुढे ते कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या रंगवू लागले. डफ-तुणतुण्याची ओढ मात्र सुटली नाही.

ही दुहेरी तालीम लावणीत ऐकू येते. एकच यमक ओळ संपायची वाट न पाहता मधेच पुन्हा पुन्हा आदळत राहतं. ढोलकीच्या थापेला त्यामुळे शब्दातच जागा सापडते आणि अर्थ उमगण्याआधीच ओळ तोंडात बसते. पाठांतर सोपं, म्हणून ती फडाफडांतून फिरली. ध्वनिमुद्रण नसलेल्या काळात गाणं टिकवण्याची याहून पक्की युक्ती कुठली? संस्कृत शिकलेल्या माणसानं ती तमाशाला दिली, याचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही.

मग आला तो चित्रपट, ‘लोकशाहीर रामजोशी’. दिग्दर्शन बाबूराव पेंटर आणि व्ही. शांतारामांचं, संगीत वसंत देसाईंचं. संगीत रंगभूमीवर मुरलेले शिलेदार पडद्यावर राम जोशी झाले आणि स्वतःच गायले. तमाशातली बया साकारली हंसा वाडकरांनी. लावणीची बैठक त्यांनी थिएटरातल्या हजारो प्रेक्षकांपुढे मांडली. चित्रपटात ग. दि. माडगूळकरांचीही गाणी होती. ती इतकी अस्सल उतरली की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं, ते पटकन कळत नाही. याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती निघाली, ‘मतवाला शायर राम जोशी’. राम जोशींच्या तोंडची चाल कशी होती, हे सांगणारी ध्वनिमुद्रिका असणं शक्यच नव्हतं; त्यामुळे पुढच्या पिढ्यांसाठी देसाईंची चाल हीच लावणीची ओळख ठरली.

२०२० साली ‘कलर्स मराठी’वर ‘सुंदरा मनामध्ये भरली’ नावाची मालिका सुरू झाली. शाहिराची सुंदरा नखशिखान्त वर्णनाला पुरून उरणारी, मोत्यांनी मढलेली. मालिकेतली लतिका लठ्ठपणावरून टोमणे झेलणारी मुलगी. अक्षया नाईक यांनी ती उभी केली. लावणीतले शब्द इथे रूपाच्या कौतुकाला उरले नाहीत, हिणवल्या जाणाऱ्या मुलीच्या बाजूनं ते उभे राहिले. सोलापूरच्या शाहिराचं नाव ठाऊक नसलेल्या घरांतही त्याचे हे शब्द ऐकू येऊ लागले.