‘चामखीळच ती’ म्हणून सोडू नका

“ताई, एक सांगायचंय. पण कुणाजवळ बोलू नका हां.”

अलिबाग तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात बचत गटाची बैठक संपली, बाकीच्या बायका उठल्या, तरी ती मागे थांबली. लघवीच्या जागेशेजारी चामखिळी आल्या होत्या. तीन वर्षं! फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा गठ्ठा झालेला, वास यायचा, मासळी विकायला बसलं की टोचायचं. चुना लावून झाला, दोरा बांधून झाला. नवऱ्याला? “त्यांना काय सांगू?”

मैत्रिणींनो, या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात. बहुतेक साध्याच असतात, तेव्हा घाबरू नका. पण क्वचित एखादा गठ्ठा वाढत वाढत आतल्या मांसात शिरतो. १९२५ साली बुश्के आणि लोवेनस्टाइन या जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. त्यांचंच नाव त्या गाठीला पडलं.

खरी गोम तपासणीत आहे. वरून ही गाठ साध्या चामखिळीसारखीच दिसते. वरवरचा तुकडा तपासला तर ‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट येऊ शकतो. हिचं तसंच झालं. कागद हातात पडला नि बाई देवीला नारळ फोडून आली. गाठ मात्र वाढतच होती. दुसऱ्यांदा भूल देऊन खोलवरचा तुकडा काढला, तेव्हा कुठे निदान झालं. म्हणून रिपोर्ट चांगला असूनही गाठ वाढत असेल, रक्त येत असेल, तर “खोलवरचा तुकडा तपासायचा का?” असं डॉक्टरांना विचारा. विचारण्यात कसली आलीय लाज!

उपाय मुख्यतः ऑपरेशन. भोवतालची थोडी चांगली कातडीही काढावी लागते, कारण मूळ राहिलं तर गाठ पुन्हा येते. त्यातल्या त्यात बरं म्हणजे ती वाढते सावकाश आणि दूरच्या अवयवांत सहसा पसरत नाही. लहान असतानाच गेलात तर थोडक्यात निभावतं. गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी.

आधी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. टाटा म्हटलं की आपल्याला परळच आठवतं, पण टाटाचंच खारघरचं केंद्र आपल्या रायगडात, पनवेल तालुक्यात आहे. अनेकींना हे ठाऊकच नसतं.

आणखी एक. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरं, पण अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कधी, कुणाकडून आला, हे सांगता येत नाही. तेव्हा घरात संशयाचं भूत नको. मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरमची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ साली आली. चामखिळी आणणाऱ्या ६ व ११ आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या १६ व १८ या जातींविरुद्ध ती काम करते. नवव्या वर्षापासून देता येते. आलेली चामखीळ मात्र लसीने जात नाही.

शेवटी नवऱ्याला मीच सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “आधी का नाही बोलली?” आता दर तपासणीला दोघं खारघरला जातात. ती आत असते, तो बाहेर बाकावर तिची पिशवी सांभाळत बसतो.