फसवी गाठ

गुडघ्याजवळ आलेली लहानशी गाठ तरुण रुग्णाला खेळातील जुन्या दुखापतीची खूण वाटते. पुष्कळदा डॉक्टरांचाही तसाच समज होतो. सायनोव्हियल सार्कोमा हा विरळा कर्करोग बहुधा याच रूपाने येतो. जे सावकाश वाढते ते निरुपद्रवी, हा आपला नेहमीचा ठोकताळा येथे घातक ठरतो, कारण ही गाठ वर्षानुवर्षे मंद गतीने वाढत राहू शकते. नावही फसवेच, सांध्याच्या अस्तरातून तिचा उगम होत नाही. क्ष-किरण चित्रात सुमारे एक-तृतीयांश रुग्णांत चुन्याचे कण दिसतात, परंतु तेवढ्यावरून निदान होत नाही. प्रथम एमआरआयने गाठीचा विस्तार पाहावयाचा, आणि मगच सुईने ऊतकाचा नमुना घ्यावयाचा. सुई कोठून घालावी हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाशी विचारविनिमय करूनच ठरवावे, कारण तो मार्गही कदाचित गाठीबरोबर कापून काढावा लागतो. साधी गाठ समजून ती घाईने कोरून काढणे सर्वांत वाईट; त्यामुळे रोगपेशी आजूबाजूस पसरू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली चातीसारख्या निमुळत्या पेशी दिसतात, पण तशा त्या इतर अर्बुदांतही आढळतात. निर्णायक पुरावा गुणसूत्रांत असतो. जवळजवळ सर्व रुग्णांत ‘एक्स’ आणि अठरावे गुणसूत्र यांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यातून जोडली जाणारी जनुके १९९४ साली ओळखली गेली. आता सुईने काढलेल्या इवल्याशा नमुन्यातही ती जोडणी शोधता येते.