व्हॅन का तापते आणि डॅशबोर्डचे दिवे काय सांगतात

पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा साधारण एक तृतीयांश भागच गाडी ओढायला उपयोगी पडतो. जवळपास तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ही उष्णता सतत बाहेर काढावी लागते. ते काम थांबले तर काही मिनिटांत अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट उडते आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन जाम होते. वेळीच लक्ष दिले असते तर एका पाइपवर किंवा झाकणावर भागणारा खर्च मग पूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

उष्णता बाहेर नेण्याचे काम कूलंट करतो. वॉटर पंप तो इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट वॉल्व्ह रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येते. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो उघडू लागतो आणि गरम कूलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाऊन वाऱ्याने किंवा पंख्याने थंड होऊन परततो. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते. आतला दाब वाढू दिल्यामुळे द्रव उशिरा उकळतो. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते, पण निम्मे इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मे पाणी हे मिश्रण चांगल्या झाकणाखाली १२५ अंशांच्या पुढेपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर किंवा स्प्रिंग सैल पडली की हा फायदा जातो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९५ अंशांवरच उकळते. म्हणून सपाटीवर ठीक चालणारी गाडी खराब झाकणामुळे घाटमाथ्यावर उकळू शकते.

व्हॅनची मांडणी

१९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन पुढे ओम्नी या नावाने ओळखली गेली आणि २०१९ पर्यंत बनत होती. २०१० मध्ये आलेली ईको आजही शाळेच्या फेऱ्या, रुग्णवाहिका आणि मालवाहतूक यांसाठी वापरली जाते. या दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. अशा मांडणीत जागा वाचते, पण इंजिनाला समोरचा वारा थेट लागत नाही. शिवाय इंजिन पाहायचे तर सीट उचलावी लागते. बॉनेट उघडून सहज नजर टाकण्याची सवय इथे लागत नाही आणि गळणारा पाइप किंवा सैल झालेला पट्टा अनेक दिवस नजरेआड राहतो. त्यात व्हॅन बहुधा भरलेली असते. पूर्ण भार, खालचा गिअर, चालू एसी, एप्रिल-मेचे ऊन आणि कसारा किंवा खंबाटकीचा चढ हे सगळे एकत्र आले की इंजिन सर्वांत जास्त उष्णता निर्माण करते. गाडीचा वेग कमी असल्याने त्याच वेळी वारा सर्वांत कमी मिळतो.

गाडी नेमकी केव्हा तापते

दोष शोधताना कोणताही भाग बदलण्याआधी गाडी कोणत्या वेळी तापते हे नोंदवावे. निम्मे निदान तिथेच होते.

सिग्नलला किंवा कोंडीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्यावा. चालत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो. बहुतेक गाड्यांत एसी लावताच रेडिएटरचा विजेवरचा पंखा फिरू लागतो. तो फिरला नाही तर फ्यूज, रिले, जोडणी आणि मोटर या क्रमाने तपासणी करावी. एसी लावल्यावर फिरतो, पण इंजिन तापल्यावर आपोआप फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बिघडलेली असते.

शहरात ठीक चालते, पण चढावर किंवा वेगात तापते, तर कूलंट कमी असणे, रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी तुंबणे, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणे ही कारणे संभवतात. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतलेल्या गाड्यांत रेडिएटरच्या नळ्यांत थर बसतो. रेडिएटरवाले त्याला रॉडिंग करून साफ करतात, नाहीतर तो बदलावा लागतो.

सुरू केल्यावर थोड्याच वेळात, कुठल्याही रस्त्यावर काटा झपाट्याने वर जातो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो, वॉटर पंप काम करत नसतो किंवा कूलंटच उरलेला नसतो. इंजिन तापलेले असूनही रेडिएटरकडे जाणारा एक पाइप चटका देणारा आणि दुसरा थंड लागत असेल, तर द्रव फिरत नाही हे निश्चित. पाइपांना हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करावे आणि पंख्यापासून हात दूर ठेवावा. अनेक गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होतो.

तपासणीचा क्रम

तपासणी स्वस्त आणि सोप्या गोष्टींपासून सुरू करावी. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. पातळी वारंवार उतरत असेल, तर पाइपांची टोके, क्लिपा, रेडिएटरच्या कडा आणि वॉटर पंपाखालची जागा पाहावी. सुकलेल्या कूलंटचा पांढरट किंवा रंगीत डाग गळतीची जागा दाखवतो. मग पट्टा चिरलेला किंवा सैल आहे का, झाकणाचे रबर शाबूत आहे का, पंखा फिरतो का हे पाहावे. थर्मोस्टॅट आणि पंप त्यानंतर.

बाहेर कुठेही गळती नसताना पातळी उतरते, तेव्हा हेड गॅस्केटचा विचार करावा लागतो. सायलेन्सरमधून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर येणे, टाकीत बुडबुडे उठणे, डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसणे, थंड इंजिन सुरू करताच पाइप दगडासारखे कडक होणे ही त्याची लक्षणे. यांपैकी एकही स्पष्ट दिसले तर गाडी चालवत न नेता उचलून गॅरेजमध्ये न्यावी.

तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय काही गॅरेजांत अजूनही केला जातो. त्याने मूळ दोष जात नाही. इंजिन गरजेपेक्षा थंड चालू लागते, इंधन जास्त लागते, झीज वाढते आणि नव्या गाड्यांत इंजिनाचा दिवाही लागतो. बिघडलेला थर्मोस्टॅट बदलणे हाच योग्य उपाय.

रस्त्यात काटा वर गेला तर

काटा नेहमीच्या जागेवरून चढू लागला, पण लाल रेषेला टेकलेला नाही, तर एसी बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि हीटर असल्यास तो पूर्ण गरमवर ठेवून पंखा जोरात लावावा. हीटर इंजिनाचीच उष्णता केबिनमध्ये खेचतो, त्यामुळे काटा उतरायला मदत होते. काटा लाल भागात गेला, लाल तापमापीचा दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर जागा मिळताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. प्रवासी, विशेषतः मुले, वाहतुकीच्या विरुद्ध बाजूने उतरवून रस्त्यापासून लांब उभी करावीत. चारही इंडिकेटर लावावेत आणि मागे त्रिकोण ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतला द्रव एकदम उकळून अंगावर उडतो आणि चेहरा, हात गंभीर भाजतात. किमान अर्धा-पाऊण तास थांबून, वरचा पाइप हाताला कोमट लागू लागल्यावरच जाड कापड धरून झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीच्या वेळी साधे स्वच्छ पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते, पण नंतर योग्य प्रमाणातला कूलंट भरून घ्यावा. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. सांडलेला कूलंट मुले आणि जनावरे यांच्या वाटेत राहू देऊ नये.

एक फसवी गोष्ट चालकांनी लक्षात ठेवावी. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट मोजतो. सगळा कूलंट गळून गेला तर काटा वर जाण्याऐवजी मध्येच राहतो किंवा अचानक खालीही पडतो. चढावर भरलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली येणे ही चांगली खूण नव्हे.

हीटर गार हवा देतो तेव्हा

केबिनचा हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाचा कूलंट त्यातूनही फिरतो, म्हणून हीटरचे दुखणे बरेचदा इंजिनाचीच खबर देते. काटा नेहमीपेक्षा खाली राहतो आणि हीटर कोमट हवा देतो, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. काटा वर चढतो आणि हीटर मात्र गार असतो, तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा पंप फिरवत नाही. हे दुसरे लक्षण धोक्याचे आहे. काटा ठीक असून हवा गार येत असेल, तर हीटरकडे जाणारा वॉल्व्ह, त्याची केबल किंवा गरम-गार हवेची झडप अडकलेली असते. पंखा फक्त शेवटच्या, सर्वांत जोराच्या बटणावरच चालत असेल, तर त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर आतून चिकट धुके आणि पायाखालची ओली मॅट एकत्र दिसली, तर हीटरचा रेडिएटर गळतो आहे.

दिव्यांचे रंग

डॅशबोर्डच्या चिन्हांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणून ती बहुतेक गाड्यांत सारखी दिसतात. रंगाचा अर्थ आधी समजून घ्यावा. लाल म्हणजे धोका, बहुतेक वेळा ताबडतोब थांबा. पिवळा म्हणजे दोष आहे, लवकर तपासा. हिरवा आणि निळा म्हणजे एखादी यंत्रणा चालू आहे. निळी तापमापी इंजिन अजून थंड असल्याचे सांगते, तोवर इंजिनाला जोर देऊ नये.

लाल तेलाच्या किटलीचा दिवा तेलाचा दाब पडल्याचे सांगतो. तो चालत्या गाडीत लागला की काही सेकंदांतच इंजिन बंद करावे. पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा विचारही करू नये. थोडे थांबून सपाट जागेवर डिपस्टिकने तेल पाहावे. तेल भरल्यावरही दिवा विझला नाही तर गाडी सुरू करू नये. लाल बॅटरीचा दिवा चार्जिंग थांबल्याचे सांगतो. अनेक व्हॅनमध्ये अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. त्यामुळे पट्टा तुटला की आधी हा दिवा लागतो आणि मागोमाग तापमानाचा काटा चढतो. वर्तुळातले लाल उद्गारचिन्ह हँडब्रेक ओढलेला असल्याचे किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचे सांगते. हँडब्रेक सोडूनही ते राहिले, तर घाट उतरायला लागू नये.

पिवळा इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर गाडी बेताने चालवून दाखवायला न्यावी. तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होते आहे आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते, म्हणून वेग कमी करून थांबावे. डिझेल गाडीत पिवळ्या वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारू नये. अनेक दिवे एकाच वेळी लागले, तर प्रत्येकाच्या मागे धावण्याआधी बॅटरीची टोके, अल्टरनेटर आणि अर्थिंगची वायर तपासावी. व्होल्टेज पडले की अनेक यंत्रणा एकदम तक्रार करतात.

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या गाड्यांत इंजिनाचा संगणक दोषाचा कोड साठवून ठेवतो. पी ०१२८ म्हणजे इंजिन अपेक्षित तापमानाला येत नाही, पी ०२१७ म्हणजे इंजिन अति तापले, पी ०११७ आणि पी ०११८ म्हणजे तापमानाच्या सेन्सरच्या मंडलात दोष. कोड भागाकडे बोट दाखवतो, पण तोच भाग खराब आहे असे सिद्ध करत नाही. सेन्सर बदलण्याआधी त्याची जोडणी पाहावी आणि दोष न काढता नुसता दिवा पुसून घेऊ नये.

चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, मुख्य धोक्याचे दिवे क्षणभर लागले पाहिजेत. एखादा लागत नसेल तर तो बिघडला आहे किंवा मुद्दाम काढला आहे. जुनी व्हॅन घेताना ही तपासणी अवश्य करावी.

आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, सीट उचलून कूलंट, तेल आणि पट्टा पाहायला पाच मिनिटे पुरतात. तयार मिश्रणाचा कूलंट घेतला असेल तर त्यात पाणी घालू नये. घट्ट कूलंट असेल तर डिस्टिल्ड वॉटरच वापरावे आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला तो बदलावा. ज्या व्हॅनमधून रोज शाळेची मुले जातात, तिच्या मालकाने आणि चालकाने ही पाच मिनिटे कधीही चुकवू नयेत, आणि लाल दिवा लागला की वेळापत्रक बाजूला ठेवून इंजिन बंद करावे.