सराटे, पखुर्ड्या आणि रानपिंगळा : सायकलीवरून खानदेशचा कोरडा मुलूख

खानदेशात वाळवंट नाही. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला साक्री-धुळ्याचा माळ एप्रिलात पाहणाऱ्याला ते सहज पटणार नाही. धुळ्याला वर्षाकाठी साधारण 500 ते 600 मिलिमीटर पाऊस. पूर्वेला जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. तापीकाठी केळीच्या बागा हिरव्यागार उभ्या, आणि त्यांच्याच पाठीशी नदीनाल्यांनी गाळाची माती कापून केलेल्या उघड्याबोडक्या घळी. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. जनावरे पाहायची तर दोन्ही सोडून गाडरस्त्याला लागावे लागते.

सायकलीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की चाक फिरेनासे होते, आणि उन्हाळ्यात सकाळी दहानंतर झळा सुरू होतात. हिवाळ्यातला शत्रू म्हणजे सराटा. जमिनीलगत पसरणाऱ्या, पिवळ्या फुलांच्या या वनस्पतीचे फळ कसेही पडले तरी त्याचा एखादा काटा वर राहतोच. बाभळीचा काटा परवडला, तो निदान दिसतो. पंक्चरचे सामान आणि हवा भरायचा पंप पाण्याइतकाच गरजेचा.

माळावर सायकलीचा मोठा गुण म्हणजे तिला आवाज नाही. चालत्या सायकलीकडे चिंकारा मान वळवून पाहत राहतो. स्वाराने पाय टेकला की शेपटी फडकावत निघून जातो. लांडगा बहुधा मेंढरांच्या मागावर असतो. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडतात. लांडग्याशी त्यांचे वैर पिढीजात आहे. सायकलस्वाराला मात्र भीती लांडग्याची नव्हे, कळपाच्या कुत्र्यांची. उतरून, सायकल आडवी धरून, सावकाश चालत गेलेले बरे.

पक्ष्यांसाठी हा माळ त्याहून श्रीमंत आहे. धाविक ढेकळांच्या रंगात मिसळून धावतो आणि थांबला की नाहीसा होतो. मध्य आशियातून हिवाळ्यापुरते आलेले भोवत्या ससाणे गवतावरून तरंगत शिकार शोधतात आणि रात्री गवतातच, जमिनीवर झोपतात. पखुर्ड्या सकाळी थव्याने पाण्यावर उतरतात. नराच्या पोटाची पिसे पाणी शोषून घेतात आणि ते पाणी तो लांबवरच्या पिलांना नेऊन पाजतो.

सरकारी दप्तरात अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माथ्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, शिवाजीनगरला 2013 मध्ये 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प आला. पवनचक्क्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते सायकलीच्या सोयीचे, ही त्यातली गंमत. गवताळ माळ मात्र तेवढा तुटला.

उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी माळ संपून सागाचे रान लागते. इथला मानाचा पक्षी रानपिंगळा. 1873 मध्ये पक्षीशास्त्रज्ञ ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. खानदेशात सरकारी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने 1880 च्या दशकात शहादा-तळोदा भागात त्याचे नमुने गोळा केले, आणि 1884 नंतर पक्षी कोणाला दिसलाच नाही. ब्रिटिश पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागेनने 1914 मध्ये तापीवरच्या मांडवीला मिळाल्याचा दावा करून एक नमुना दाखवला होता. तो मुळात डेव्हिडसनचाच, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. या लबाडीने शोध घेणाऱ्यांना कित्येक वर्षे भलत्याच ठिकाणी फिरवले. खोटेपणा उघड करणाऱ्या पामेला रासमुसेन यांना बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ तो जिवंत दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 चा.

जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही रानपिंगळ्याची नोंद आहे. अभयारण्यात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, पण या घुबडासाठी रात्र जागवावी लागत नाही. तो दिवसा हिंडतो, आणि थंडीत सकाळच्या उन्हाला पानगळ झालेल्या सागाच्या शेंड्यावर उघड्यावर बसलेला असतो.