पुणे की बेंगळुरू : पहिल्या नोकरीचा हिशेब

पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल हाती येतो आणि घरात एक नवाच प्रश्न उभा राहतो. सोलापूरच्या एखाद्या अभियांत्रिकी पदवीधराचे उदाहरण घेऊ. त्याच्याकडे दोन नेमणूकपत्रे आहेत. एक पुण्याचे, वार्षिक ४ लाख २० हजारांचे. दुसरे बेंगळुरूचे, ५ लाख १० हजारांचे. मित्र सांगतात, बेंगळुरूला जा. आई म्हणते, पुणे बरे, शनिवारी घरी येता येईल. वडील काही बोलत नाहीत. अनामत रक्कम कोठून उभी करायची, हा विचार त्यांच्या डोक्यात असतो. या प्रश्नाचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. मात्र तो सोडवताना कोणते आकडे मांडायचे आणि कोणते सोडून द्यायचे, हे सांगता येते.

आधी पगार. दोन्ही पत्रांतील फरक वर्षाला ९० हजारांचा, म्हणजे महिन्याला साडेसात हजारांचा दिसतो. परंतु नेमणूकपत्रातील ‘सीटीसी’ म्हणजे हातात पडणारी रक्कम नव्हे. मालकाने भरावयाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग हे सारे त्यात मिळवलेले असते. फरक प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपास उरला, असे धरू. प्राप्तिकराची चिंता येथे करण्याचे कारण नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावर कर लागत नाही आणि त्या प्रणालीत घरभाड्याची सूटही नाही. व्यवसाय कर दोन्ही राज्यांत आहे; राज्यघटनेनेच त्यावर वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे.

खरा हिशेब घराचा आहे. बेंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून घेण्याची रीत पूर्वापार चालत आली. अलीकडे अनेक ठिकाणी ती पाच-सहा महिन्यांवर आली आहे, तरी पुण्याच्या दोन-तीन महिन्यांच्या मानाने ती जडच. तिघांनी मिळून बेंगळुरूत ३० हजारांची सदनिका घेतली आणि पाच महिन्यांची अनामत ठरली, तर प्रत्येकाला ५० हजार रुपये आधी मोजावे लागतील. पुण्यात २४ हजारांच्या घरासाठी दोन महिन्यांचे, म्हणजे प्रत्येकी १६ हजार. दरमहाच्या भाड्यात माणशी दोन हजारांचा फरक. वरच्या सहा हजारांतून हे दोन हजार वजा जाता चार हजार उरले. अनामतीत अडकलेले जादा ३४ हजार त्या चार हजारांतून भरून यायला साडेआठ महिने लागतात. घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली महिन्याभराचे भाडे कापून घेण्याची बेंगळुरूतील प्रथा वेगळीच. भाड्याचे हे आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी आपले आकडे घालून पाहावेत. मांडणी तीच राहील. नव्वद हजारांच्या फरकाने डोळे दिपू देऊ नयेत, एवढाच याचा अर्थ.

घराचा करार करताना पुण्यात एक संरक्षण आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ‘कशाला नोंदणी, आपण साध्या कागदावर लिहू’ असे म्हणणारा मालक सवलत देत नसतो, हे पहिल्यांदाच घर घेणाऱ्या मुलामुलींनी ओळखावे.

वाहतुकीवरून या दोन शहरांत निवड करू पाहणाऱ्यांची मात्र निराशा होईल. टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ सालच्या पाहणीत जगातील सर्वांत संथ शहरांत बेंगळुरू तिसरे आणि पुणे चौथे होते. दहा किलोमीटर अंतर कापण्यास बेंगळुरूत सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद, तर पुण्यात ३३ मिनिटे २२ सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंदांसाठी कोणी शहर बदलत नाही! फरक आहे तो मेट्रोच्या पोहोचीत. बेंगळुरूची मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली, ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हाइटफिल्डला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रला पोहोचली. तिचे भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढले आणि कमाल तिकीट ६० वरून ९० रुपयांवर गेले, हेही ध्यानात ठेवावे. पुण्यात मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले आणि त्याचे काम एकामागून एक मुदती ओलांडत राहिले. तेव्हा शहर कोणतेही निवडा, कार्यालयाचा नेमका पत्ता आधी विचारा. खराडीत नोकरी आणि वाकडला घर, किंवा व्हाइटफिल्डला नोकरी आणि जयनगरला घर, ही दोन्ही आयुष्ये सारखीच थकवणारी आहेत.

पाण्याचेही तसेच. बेंगळुरूचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, कावेरीतून, उपसून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात बाहेरच्या वस्त्यांनी त्याची टंचाई भोगली; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणे उशाशी आहेत, परंतु नव्या उपनगरांतील कित्येक गृहसंकुले टँकरवरच चालतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले, तेव्हा संशयाचे बोट पाण्याकडेच वळले होते. घर पाहताना हवा आणि उजेड पाहतोच आपण. नळाला पाणी कोणाचे, तेही विचारावे.

आता मूळ मुद्दा, कामाचा. इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली आणि १९८३ मध्ये ती बेंगळुरूला गेली, हे पुणेकर आजही हळहळून सांगतात. मात्र बेंगळुरूची पायाभरणी त्याच्या कितीतरी आधीची. १९०९ ची भारतीय विज्ञान संस्था, १९४० ची हिंदुस्थान एअरक्राफ्ट, पुढे भारत इलेक्ट्रॉनिक्स, इस्रो. चिप-रचना, अवकाश आणि विमान तंत्रज्ञान, नवउद्योग यांत जे खोलात काम करू इच्छितात त्यांच्यासाठी आजही त्या शहराला पर्याय नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांची तंत्रकेंद्रे देशात सर्वाधिक तेथेच आहेत. एक नोकरी गेली तर दुसरी शोधणे त्यामुळे सोपे जाते. पुण्याचे बळ वेगळे आहे. वाहन उद्योग, त्याला लागणारी सॉफ्टवेअर, सी-डॅक, विमा आणि बँकांची कार्यालये अशी तेथील नोकऱ्यांची पाळेमुळे अनेक व्यवसायांत पसरली आहेत. यंत्र आणि संगणक यांच्या सीमेवर काम करायचे असेल, तर पुणे अधिक शिकवील. दोन्हीकडे काम एकाच प्रकारचे, सेवा कंपनीतील एखाद्या प्रकल्पावरचे असेल, तर मात्र चार हजारांसाठी आठशे किलोमीटर दूर जाण्यात फारसे हशील नाही, असे आमचे मत आहे.

घरचा प्रश्नही कमी महत्त्वाचा नाही. पुण्याहून सोलापूर चार-पाच तासांचे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे असल्याने मुलींना ते अधिकच परवडते. बेंगळुरूहून उद्यान एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास, तोही आरक्षण मिळाले तर. वडिलांचे आजारपण किंवा बहिणीचे लग्न असेल, तेव्हा हे अंतर नकाशावर दिसते त्याहून मोठे वाटते. उलट बाजूही आहे. सोलापूर आणि अक्कलकोटच्या अनेक घरांत कन्नड बोलली जाते. बेंगळुरूची कन्नड कानाला निराळी लागते, पण रिक्षावाल्याशी आणि घरमालकाशी बोलताना तिचा उपयोग होतो; पुण्याच्या किंवा नाशिकच्या मुलाला ती सोय नाही. आणि संक्रांतीची सार्वजनिक सुटी कर्नाटकात असते, महाराष्ट्रात नसते. सिद्धेश्वराच्या गड्ड्यावर पोहोचायला पुण्याहून रजा टाकावी लागते आणि बेंगळुरूहून सुटी मिळते, ही गंमतच म्हणायची.

होकार कळवण्यापूर्वी नेमणूकपत्रातील बदलीचे कलम नीट वाचावे. बहुतेक सेवा कंपन्या देशात कोठेही पाठवण्याचा अधिकार राखून ठेवतात. प्रशिक्षण एका शहरात आणि नेमणूक दुसऱ्या, असे सर्रास घडते, तेव्हा रुजू होण्याचे ठिकाण व तारीख ई-मेलवर लेखी मागून घ्यावी. २०२२ च्या तुकडीतील अनेकांना हाती पत्र असूनही महिनोन्महिने वाट पाहावी लागली होती. आणि एम.एच.-१३ क्रमांकाची दुचाकी बेंगळुरूला नेणार असाल, तर बारा महिन्यांहून अधिक काळ ती तेथे राहिल्यास ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन कर्नाटकात फेरनोंदणी करावी लागते, तेथला कर भरावा लागतो आणि येथे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी सोलापूरच्या आरटीओत अर्ज करावा लागतो. तो खर्चही वरच्या हिशेबात धरावा.