लेसरने रेखलेले विद्युदग्र आणि साखरेचे मापन

बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काढावा, तो पट्टीवर ठेवावा आणि काही सेकंदांत रक्तातील साखरेचा आकडा वाचावा, ही गोष्ट मधुमेही माणसाच्या घरी आता नित्याची झाली आहे. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत इन्शुलिनाची मात्रा या आकड्यावरूनच ठरते. आकडा चुकीने जास्त दिसला, तर मात्राही जास्त होते आणि साखर एकाएकी उतरून रोगी बेशुद्ध पडू शकतो. म्हणून पट्टी स्वस्त असून भागत नाही. ती विश्वसनीयही असावी लागते.

साखरेचे प्रमाण विजेच्या साहाय्याने कसे मोजतात? १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी एक कल्पना मांडली. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एंझाइम विद्युदग्राजवळ, म्हणजेच इलेक्ट्रोडजवळ, पातळ पटलाच्या आड धरून ठेवावे, अशी ती कल्पना होती. हे एंझाइम अनेक पदार्थांच्या गर्दीतून ग्लुकोज नेमके ओळखते आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचे रूपांतर घडविते. त्या क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. विद्युदग्रावर योग्य विद्युत्दाब ठेवल्यास पेरॉक्साइडचा प्रत्येक रेणू त्याला दोन इलेक्ट्रॉन देतो. साखर जितकी अधिक, तितका विद्युत्प्रवाह अधिक. ग्लुकोज ओळखण्याचे काम एंझाइमाचे आणि इलेक्ट्रॉन मोजणीसाठी गोळा करण्याचे काम विद्युदग्राचे, अशी ही विभागणी होय.

असे विद्युदग्र सोन्याचे वा प्लॅटिनमचे केल्यास महाग पडते. कार्बन स्वस्त असतो व वीजही वाहून नेतो. कार्बनच्या अणूंचा केवळ एकपदरी थर म्हणजे ग्राफीन. २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्राफाइटपासून तो विलग केला. या कार्यासाठी त्यांना २०१० चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे २०१४ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने एक सोपा मार्ग दाखविला. पॉलिइमाइड हे पिवळसर, उष्णता सहन करणारे प्लॅस्टिक आहे. त्याच्या फितीवर कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा किरण फिरविला असता किरणाखालचा भाग क्षणभर अतिशय तापतो. तेथील इतर मूलद्रव्ये बव्हंशी वायुरूपाने निघून जातात आणि काळा, सच्छिद्र ग्राफीनचा थर मागे उरतो. ही क्रिया साध्या हवेतही घडते. साचा, शाई वा भट्टी यांची गरज लागत नाही. संगणकावर काढलेली आकृती लेसर फितीवर तशीच उमटवितो. मापनास लागणारी विद्युदग्रे अशा रीतीने एकाच फितीवर शेजारी शेजारी रेखता येतात.

थर सच्छिद्र असल्यामुळे त्याचे पृष्ठफळ मोठे असते. त्यावर एंझाइम अधिक मावते, आणि प्लॅटिनमचे सूक्ष्म कण बसविल्यास पेरॉक्साइडची क्रिया सुलभ होते. घामातील ग्लुकोज रक्तातल्याच्या मानाने फारच थोडे असते. ते मोजू पाहणाऱ्या संशोधकांना हा गुण विशेष मोलाचा वाटतो.

तथापि अडचणी उरतातच. क जीवनसत्त्व, यूरिक अम्ल व पॅरासिटामॉल हे पदार्थही त्याच विद्युत्दाबास इलेक्ट्रॉन देतात आणि साखरेचा आकडा फुगवितात. ऋणभारित बहुवारिकाचा पातळ लेप दिल्यास पहिल्या दोहोंना बव्हंशी अटकाव होतो. पॅरासिटामॉलवर विद्युत्भार नसल्याने ते अशा लेपाला तितकेसे जुमानत नाही. एंझाइम उष्णतेने व काळाने दुर्बळ होते. शिवाय लेसरची शक्ती वा गती किंचित बदलली, तरी थराचे गुण बदलतात. त्यामुळे आज केलेली पट्टी व उद्या केलेली पट्टी एकच आकडा देतील, याची खात्री करून घ्यावी लागते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लक्ष असल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. इतक्या लोकांच्या हाती स्वस्त पट्टी देण्याचा एक मार्ग लेसरने खुला केला आहे. ती पट्टी भरवशाची ठरेपर्यंत मात्र हे काम पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.