चारमिनारच्या दारातलं अक्षर

परभणी सोडून गाडी मनमाडच्या दिशेने निघाली की पेडगाव लागतं. 1948च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. इथल्या बाजारात चालायचा तो रुपयाही हैदराबादच्या टांकसाळीतला. लोक त्याला हाली म्हणत, आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार. त्यामुळे पुण्याकडच्या घरांत जुन्या डब्यातून राणीछाप निघतो, तर पेडगाव, मानवत, सेलू या पट्ट्यात हमखास चारमिनार निघतो. मग नातवाच्या हातात मोबाइल असतोच. कुठल्यातरी व्हिडिओत असाच रुपया पाच लाखांना गेलेला त्याने पाहिलेला असतो, आणि सराफ मात्र चांदीच्या भावापुढे एक रुपया चढवायला तयार नसतो.

यात सराफ लबाड असतो असं नाही. तो चांदी तोलतो, त्याचं काम तेवढंच. खरा चारमिनार रुपया 11.178 ग्रॅमचा, त्यात चांदी 81.8 टक्के. म्हणजे निव्वळ चांदी साधारण 9.14 ग्रॅम. कलदार 11.66 ग्रॅमचा आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण 10.69 ग्रॅम. या दोन आकड्यांचं गुणोत्तर काढलं तर जवळजवळ नेमकं सहास सात येतं. सहा कलदार म्हणजे सात हाली, हा जुन्या लोकांच्या तोंडी असलेला बट्ट्याचा हिशेब मुळात चांदीचाच हिशेब होता. हिशेबापुरती चांदी ग्रॅमला शंभर रुपये धरली, तर हालीची किमान किंमत 914 रुपये झाली. याखाली तो जात नाही. वर किती जातो, ते ठरवणारे लोक वेगळे असतात आणि त्यांच्या हातात तराजूच्या जोडीला भिंगही असतं.

भिंगातून ते काय पाहतात? चारमिनारच्या मधल्या कमानीत, दारात, एक बारीक उर्दू अक्षर आहे. चारमिनारची छबी रुपयावर आली ती सहावा निजाम महबूब अली खान याच्या काळात, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला; त्याच्या नाण्यांवर दारात ‘मीम’ आहे. 1911च्या ऑगस्टमध्ये उस्मान अली खान गादीवर आला आणि दारात ‘ऐन’ बसला, उस्मान या नावाचं पहिलं अक्षर. गंमत अशी की त्याच्या सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन अपुरा, खुडल्यासारखा आहे. नंतरच्या साच्यांत तो पूर्ण काढलेला आहे. रुपया तोच, चांदी तीच, राजा तोच. तरी कॅटलॉगमध्ये या दोघांच्या नोंदी वेगळ्या आहेत आणि जाणकार अपुऱ्या ऐनाचा रुपया बाजूला काढून ठेवतो.

यालाच नाणेसंग्राहक व्हरायटी म्हणतात. साच्यातच फरक असेल तर त्या साच्यातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो उतरतो; ती व्हरायटी. ठसा मारताना पत्रा सरकला, चंद्रकोरीसारखी एक कड कोरी राहिली, तर ती चूक त्या एकाच नाण्याची. तिला एरर म्हणतात. सर्वसाधारण माणसाला एरर जास्त भावतो, कारण तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. जुन्या नाण्यांचा मुरलेला संग्राहक बहुधा व्हरायटीच्या मागे लागतो.

निजामाच्या रुपयावर आणखी एक खोडी आहे. त्यावर हिजरी साल असतं आणि शिवाय राजाच्या कारकिर्दीचं वर्षही. उस्मान अली गादीवर आला तो हिजरी 1329च्या रमजानमध्ये. म्हणजे हिजरी वर्ष मोहरमला बदलणार आणि राजवर्ष रमजानमध्ये. साहजिकच 1330 या एकाच सालात पहिलं आणि दुसरं अशी दोन्ही राजवर्षं बसू शकतात. सालांच्या अशा जोड्या जुळवत बसणं हा या क्षेत्रातला एक स्वतंत्र नाद आहे. एखादी जोडी फार थोड्या नाण्यांवर दिसते, आणि ती नेमकी आपल्या डब्यात असली तरी उर्दू आकडे वाचता येत नाहीत म्हणून घरात कुणालाच कळत नाही.

आता भावाकडे येऊ. नाणं दुर्मिळ म्हणून महाग, हे अर्धंच खरं. 1911 साली पंचम जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या साखळीत एक हत्ती होता. पण त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला आणि मुसलमान समाजात नाराजी पसरली. सुमारे 94 लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले जेमतेम सात लाख बाहेर गेले होते. उरलेले वितळवले आणि 1912च्या साच्यात हत्तीला नीट सोंड आणि कान दिले. हा ‘डुकराचा रुपया’ आज हौशी संग्राहकाला सगळ्यात आधी हवा असतो. वास्तविक सात लाख ही काही लहान संख्या नव्हे. पण गोष्ट सांगता येते, म्हणून गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक आहे, म्हणून भाव आहे.

त्याच्या शेजारी 1862चा राणीछाप ठेवून पाहा. मुंबईच्या टांकसाळीने 1874पर्यंत रुपया पाडताना साल बदललंच नाही, 1862च ठेवलं. मात्र त्या बारा वर्षांत सालाच्या खाली आणि वरच्या नक्षीत बारीक ठिपके घातले, कधी एक, कधी दोन, कधी त्याहून जास्त. प्रत्यक्ष वर्ष ओळखायची ती टांकसाळीची खूण होती. राणीचे मुखवटेही एकाहून अधिक. मुखवटा, मागची नक्षी आणि ठिपके यांचा गुणाकार केला की व्हरायट्यांची लांबलचक यादी तयार होते, आणि यातल्या काही डुकराच्या रुपयापेक्षा कितीतरी कमी सापडतात. तरी ज्याला ठिपके मोजायचे ठाऊक नाही, तो अशी नाणी चांदीच्या भावात देऊन मोकळा होतो.

इथे पुस्तकांचं वजन कळतं. मेजर फ्रेड प्रिडमोर या इंग्रज अभ्यासकाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची बारकाईने वर्गवारी केली, पुढे पॉल स्टीव्हन्स आणि रँडी वेअर यांनी 1835 ते 1947 या काळातल्या नाण्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. मराठ्यांच्या नाण्यांसाठी के. के. महेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचं 1989चं पुस्तक आहे, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेने काढलेलं. व्हरायटीला पुस्तकात क्रमांक मिळाला की तिचा भाव चढतो. काल जो फरक फक्त दोघा-चौघांना माहीत होता, त्याची आज शंभर जणांच्या यादीत रिकामी जागा तयार होते, आणि ती जागा भरायला माणूस पैसे मोजतो. उलट, ज्या नाण्यांवर कुणी धड लिहिलेलंच नाही, त्यांतली अतिदुर्मिळ व्हरायटीही स्वस्तात पडून असते. निजामाच्या तांब्याच्या नाण्यांचं पुष्कळसं असंच झालं आहे, असं माझं मत.

शिवराईचं उदाहरण याहून बोलकं. 1674च्या राज्याभिषेकानंतर रायगडावर पडायला लागलेलं हे तांब्याचं नाणं पुढे दीडेकशे वर्षं ठिकठिकाणी पाडलं जात होतं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. पण साचा खोदणारे कारागीर अनेक, त्यामुळे कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे वेलांटी दीर्घ. दोन आडव्या रेघांची ती दुदांडी. साधी, झिजलेली शिवराई आजही शेकड्यांत मिळते. जुन्या घडणीची, अक्षरं पूर्ण उतरलेली असेल तर तिचा भाव वेगळा. सोन्याचा शिवराई होन तर बोटांवर मोजण्याइतकाच उरला आहे, त्याची गोष्टच निराळी.

दुर्मिळता झाली, मागणी झाली. तिसरी बाब नाण्याची अवस्था. 1949 साली विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने तांब्याच्या जुन्या सेंटवर पुस्तक लिहिलं आणि 1 ते 70 अशी मोजपट्टी दिली. त्याची कल्पना सरळ होती: प्रत्येक व्हरायटीला एक पायाभूत किंमत, तिला अवस्थेच्या आकड्याने गुणायचं. पायाभूत किंमत दोन डॉलर आणि अवस्था 20, तर नाणं 40 डॉलरचं. बाजार इतका सरळ चालत नाही, तो गुणाकार लवकरच मोडला. पण 70ची मोजपट्टी राहिली आणि आज मुंबईच्या लिलावातही प्लास्टिकच्या सीलबंद डबीवर तोच आकडा छापलेला दिसतो. शेल्डनने दुर्मिळतेच्याही आठ पायऱ्या केल्या. आठवी म्हणजे जगात एक ते तीनच नाणी ठाऊक असणं. याच गृहस्थाने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम नाणी काढून तिथे स्वतःची हलकी नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर कोर्टात सिद्ध झालं. अवस्थेची किंमत त्याच्याइतकी कुणाला कळली असेल!

आपल्याकडे अवस्था बिघडते ती दोन कारणांनी. एक म्हणजे दागिना. हालीला कान लावून गळ्यात घालायची पद्धत मराठवाड्यात होती, तांड्यांवर तर फारच. कान काढला तरी वरच्या कडेला डाखाचा पिवळट ठिपका राहतो, तिथले दाते बुजलेले असतात. नाणं बोटांत धरून कड उजेडाकडे फिरवली की तो लगेच दिसतो आणि भाव निम्म्याहून खाली येतो. दुसरं कारण आपली स्वच्छता. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, रिठे, नाहीतर दात घासायची पावडर लावून रुपये लखलखीत करतात. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली राखाडी-निळसर झाक जाते आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांची जाळी दिसते. व्यापारी एवढंच म्हणतो, ‘धुतलेला पीस आहे.’ पुढे बोलणं संपतं. यंदा ताटात नाणी मांडायची तर तशीच काळी मांडा, लक्ष्मी रागावणार नाही.

खोटी नाणी हा स्वतंत्र विषय, पण एक सांगायला हवं. सहाव्या जॉर्जचा 1939चा चांदीचा रुपया फार दुर्मिळ आहे, अस्सल असेल तर लाखांत जातो. 1938चा मात्र सहज मिळतो. मग शेवटच्या आठाचा कोरून नऊ केला जातो. भिंगाखाली त्या एका आकड्याभोवतीचा पृष्ठभाग खरवडलेला दिसला की समजावं.

आणि विकत घेणारे? जुन्या बाजारात मुरलेला माणूस हवी ती व्हरायटी दिसली तरी चेहरा हलू देत नाही. आधी चार भलत्याच नाण्यांचे भाव विचारतो, नाकं मुरडतो, आणि जाता जाता ‘हा पण टाका यात’ म्हणून ती उचलतो. वेड घेऊन पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. ते पेडगाव परभणीचं की श्रीगोंद्याकडचं, याने फरक पडत नाही. यात बेकायदा काही नाही. विकणाऱ्याने आधी माहिती करून घ्यायची, एवढाच त्याला उतारा. एखाद्या बऱ्या लिलावगृहाची मागच्या दोन-तीन वर्षांची निकालपत्रं पाहिली तर प्रत्यक्षात कोण किती देतं ते कळतं. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मोबाइलवरचे पाच लाख ही मागितलेली किंमत असते, तीही बहुतेकदा गळ म्हणून लावलेली. 2012चं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं त्याचा नमुना: ते काल-परवापर्यंत किराणा दुकानात सुट्ट्यांत मिळत होतं. नाणं विकून देतो म्हणून आधी कमिशन, कर किंवा ‘नोंदणी’ मागणारा माणूस व्यापारी नसतो. रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी याबद्दल जाहीर इशारा दिला आहे: बँक असल्या व्यवहारात नाही, आणि कुणालाही असे पैसे गोळा करायचा अधिकार तिने दिलेला नाही.

घरातल्या डब्याचा प्रश्न इथवर सुटतो. शेतातल्या गाडग्याचा वेगळा आहे. गोदावरीच्या खोऱ्यात सातवाहनांपासूनची नाणी मातीत आहेत आणि नांगराला ती अधूनमधून लागतात. 1878चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जमिनीत सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवला तर ज्याला सापडला त्याचा त्यातला हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.